फ्लोरताईच्या मापाचा सूट

१४ जून, सान रोके

फ्लोरताई,

फाडायच्या आधी हे पान तरी वाच. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस त्याला पाच वर्षं झाली. आता माझ्यासारख्याला हातानं पत्र लिहायला लावलंस, म्हणजे शिक्षा पुरी झाली असं धरून चालतो. सहावीच्या बाई म्हणायच्या, जॉन्विकचं अक्षर म्हणजे वाळूवरून खेकडा चालून गेलाय. तोच खेकडा आता मनिलापर्यंत चालत येतोय.

पत्ता तिया सेनिंगनं दिला. मावशीनं सहजासहजी नाही दिला. महिनाभर तिच्या डुकरांना मी खायला घालतोय, आणि ती डुकरं आता मला बघून तुझ्यापेक्षा जास्त खूश होतात.

मी सुधारलोय. खोटं वाटेल, पण वर्षभरात एकच भानगड केली. फादरचा कोंबडा निळा रंगवला. फादरनी रविवारी सगळ्यांसमोर विचारलं कुणी केलं, आणि सगळं चर्च माझ्याकडे वळलं. माझ्या हाताला रंग होता म्हणून नाही, सवयीनं.

कामाला मी नोंग बर्तोलच्या डायव्हिंगच्या दुकानात आहे. टाक्यांत हवा भरतो, सूट धुतो, पाहुण्यांना होडीवर चढवतो, कधी खालीही नेतो. त्यामुळे काल बाबांच्या दगडापाशी जाऊन आलो. हात लावला नाही, नुसता बघून आलो.

ताई, वाईट अवस्था आहे. पुंताच्या कड्याखाली, नऊ मीटरवर, जिथं बाबांची हवेची नळी तुटली तिथंच दगड अजून सरळ उभा आहे. पण बाबांच्या नावातल्या ‘इसिद्रो’वर गुलाबी पापुद्रा चढलाय, बोटानं चाचपलं तरच कळेल. ‘लुमापास’ अजून वाचता येतं. आजूबाजूचे सगळे दगड स्वच्छ, आणि आपलाच असा, दाढी न केलेल्या माणसासारखा.

नियम मी तुला सांगावा असं नाही. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, घरातल्या थोरल्यानं खाली जायचं आणि काथ्याच्या ब्रशानं नाव घासायचं. धाकट्यानं घासलं तर ते धरत नाहीत. थोरल्यानं स्वतः हो म्हटलं, तर त्याच्या मापाचा शिवलेला कपडा घालून दुसऱ्यानं जायचं. आणि ज्याचं नाव बुजलं त्याची मेणबत्ती त्या साली किनाऱ्यावर लावत नाहीत. म्हातारे यंदा आपल्या दगडाबद्दल कुजबुजायला लागलेत.

तू एकदाही खाली गेली नाहीस. त्या दिवशी सूट लहान निघाला, ती दुकानाची चूक. पण आता दुकानात मीच आहे. तुझ्या अंगाला बसेल असं सगळं सामान मी गोळा करतो, तू फक्त ये. आणि मापं पाठव. छाती, कंबर, नितंब, मांडी, दंड, मान. सेंटीमीटरमध्ये.

तुझा
जॉन्विक


२९ जुलै

फ्लोरताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी बोलायला लागलो की मध्ये कुणी बोललं नाही तर मला बरंच असतं.

गेल्या आठवड्यात दावावहून एक शाळेच्या बाई आल्या, मिसेस अबेया. अंगानं तुझ्याएवढ्याच, कदाचित चार बोटं जास्तच. जेटीवरून त्या उतरत होत्या तेव्हा नोंग बर्तोलनी लांबूनच त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला ओरडून सांगितलं, बारा शिसं काढ. तुला त्यांची सवय माहीत आहे. माणूस जेटीवर असतानाच ते डोळ्यांनी तोलतात. जाड दिसला की बुडायचा नाही, म्हणून कमरेला शिसं बांध. आजवर कुणाला विचारलं नाही.

बाईंनी ऐकलं. सातच शिसं हातात घेतली. सरळ पाण्यात शिरल्या, छातीभर श्वास घेतला, हालचाल थांबवली आणि तरंगत राहिल्या. पाणी डोळ्यांपर्यंत आलं. मग श्वास सोडला आणि हळूच खाली गेल्या. वर येऊन म्हणाल्या, “सात पुरे. आणि पट्ट्यात नको, माझ्या कमरेवरून पट्टा घसरतो. शिसं निम्मं-निम्मं टाकीच्या दोन बाजूंना बांध.”

नोंग बर्तोलचं तोंड मेलेल्या माशासारखं उघडं राहिलं.

मग मी आमचा सगळ्यात मोठा सूट आणला. त्यावर तीन एक्स एल लिहिलंय. त्यांनी हातात घेऊन ताणला आणि परत दिला. म्हणाल्या, “पोरा, हा कोरियात शिवलाय. तिकडचं तीन एक्स म्हणजे आपल्याकडचं मधलं माप. पट्टी वाचायची नाही, रबर मोजायचं.”

मी हसत म्हटलं, मॅडम, तुमच्या मापाचं इथं काही नाही. तर म्हणाल्या, “मग तुमच्या दुकानात कमी आहे. मी तर आहे तेवढी आहे.”

ताई, त्या वेळी मला तू आठवलीस आणि हसू तिथंच अडकलं.

त्यांचं सामान त्यांच्याच पिशवीत होतं. चार दिवस त्या इथं होत्या आणि चार दिवस मी त्यांच्या मागे पिल्लासारखा फिरलो. जे शिकलो ते लिहितो, म्हणजे तुला कळेल की या वेळी मी थट्टा करत नाहीये.

सूट पुरुषांचा घ्यायचा नाही. खांद्याला ढगळ होतो आणि नितंबावर अडकतो. दोन तुकड्यांचा बरा, खाली डंगरीसारखा आणि वर जाकीट. चेन पुढून हवी, मागची चेन दुसऱ्याच्या हातात असते. आणि मान. मान आवळली की माणूस घाबरतो, घाबरला की श्वास लहान होतो, आणि श्वास लहान झाला की गुडघाभर पाण्यातही बुडाल्यासारखं वाटतं. हे त्या मला समजावून सांगत होत्या आणि मी वाळूत पायाच्या अंगठ्यानं भोक पाडत बसलो होतो.

टाकी धरून ठेवणारं हवेचं जाकीट छापील मापाचं नको. ते कोरडं असताना बसतं, पण फुगवलं की बरगड्या दाबतं. त्याऐवजी पाठीला स्टीलची पाटी आणि एकच लांब पट्टा, खांद्यावरून कमरेला. तो पट्टा सोडू तितका सुटतो, कुठल्याही अंगाला बसतो. तशी पाटी आमच्या गोदामात होती, ताई. कुणी जर्मन सोडून गेलेला, नोंग बर्तोल त्यावर मासे भाजायचे. मी घासून घेतली. पट्टा नवा लावलाय.

पायातले फिन टाचेला स्प्रिंगवाले. आणि टाकी होडीवर पाठीला घ्यायची नाही. आधी पाण्यात उतरायचं, मग मी टाकी पाण्यात सोडणार, तू तिथंच तरंगत पट्टे लावायचे. गुडघ्यांवर भार नाही, शिडी नाही, कुणी बघायला नाही.

आता फक्त सूट राहिला. तो मानांग पुरिंग शिवणार आहे, शिडं शिवते तीच. मापाशिवाय ती कात्री हातात धरत नाही. म्हणून मी तुझी ट्रंक उघडली. माफ कर. जत्रेचा निळा झगा काढला आणि त्याच्यावरून टेप फिरवला. छाती १२८, कंबर १२१, नितंब १३६. पुरिंग म्हणाली कापडावरून माप म्हणजे अंदाज, तरी रबर कापायला घेतलंय तिनं.

झग्याला अजून तुझा वास आहे. खोबरेल आणि सुक्या माशाचा. हसू नकोस.

जॉन्विक


८ सप्टेंबर

ताई,

पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलंय. ते जवळजवळ तीन महिने माझ्या पोटात खडा होऊन बसलंय, आणि पुरिंगच्या दुकानात रोज तो सूट बघतो तेव्हा जास्तच टोचतं.

दुकानाची चूक नव्हती.

मी सतरा वर्षांचा होतो हे कारण नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात कुणी हसत नव्हतं, हेही कारण नाही. मुलांशी पैज लागली होती की मी तुला, आपल्या देवमाशाला, मधल्या मापाच्या सूटमध्ये घालून दाखवतो. दुकानातून तुझ्यासाठी मोठा सूट आलेलाच होता, ताई. आणलाही मीच होता. तो मी पलंगाखाली ठेवला. त्याची मापाची पट्टी उसवली आणि लहान सूटला शिवली. सुई तुझीच होती, तुझ्याच डब्यातली. शिवणही तूच शिकवली होतीस, शाळेच्या चड्डीचं बटण लावायला.

मग सगळ्यांना सांगत सुटलो, किनाऱ्यावर या, गंमत आहे.

तू पट्टी वाचलीस आणि सूट आत जाईना, तेव्हा तुला वाटलं की वर्षभरात तू आणखी वाढलीस. मी ते तुझ्या तोंडावर बघितलं. तू सूटला दोष दिला नाहीस, स्वतःला दिलास. चौघींनी मिळून चेन ओढली. पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या, अंगाला साबणाचं पाणी, आणि सगळा किनारा टाळ्या वाजवतोय. तू तरीही निघालीस, हातात ब्रश घेऊन. कंबरभर पाण्यात गेलीस आणि थांबलीस. मग मानेत बोटं घालून ओढायला लागलीस.

मला वाटलं तूही गंमत करतेयस. खरंच वाटलं. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

पुढचं तुला माहीत आहे. तुला पाण्याबाहेर आणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि मासे कापायच्या सुरीनं सूट कापला, गळ्यापासून खाली. तू आतल्या कपड्यांवर बसली होतीस, सगळ्या सान रोकेसमोर. आणि ब्रश सोडला नव्हतास. मी जवळ आलो तेव्हा तुझी नजर माझ्याकडे नव्हती. कापलेल्या सूटच्या पट्टीकडे होती. पट्टीचा दोरा लाल होता. तुझ्या डब्यातला.

तुला तेव्हाच कळलं होतं ना. सकाळच्या बोटीनं गेलीस. ब्रश खिडकीत ठेवलास.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तू पंधराची. तुझ्या कडेवर बसून मी अख्खं गाव बघितलं. वारा सुटला की बाबा तुला होडीत वाऱ्याच्या बाजूला बसवायचे. म्हणायचे, फ्लोर बसली की होडी हलत नाही. मी तुझ्या पाठीमागे लपायचो आणि माझ्या अंगावर एक थेंब यायचा नाही.

हे लिहून माफी मिळते असं नाही. दगड अजून तसाच आहे एवढंच सांगायचं होतं. ये. मला बघायचं नसेल तर मी त्या दिवशी दुसऱ्या बेटावर जाऊन बसतो. सामान पुरिंगच्या दुकानात ठेवतो.

जॉन्विक


२१ ऑक्टोबर

ताई,

सूट झाला. काळा, बाजूला निळ्या पट्ट्या, झग्याचा निळा दाखवून मी रंग निवडला. पुढून चेन. दुकानात टांगला तर दारातला उजेड अडतो. पुरिंगनं विचारलं, मापाच्या पट्टीवर काय घालू. म्हटलं, माप घालू नकोस. मग मीच तुझं नाव शिवलं. ‘फ्लोरामी’. अक्षर खेकड्याचंच आलंय.

आणि आज दुपारच्या बोटीनं तिया सेनिंग मनिलाहून आली. मला वाटलं मुलाकडे गेली होती. पिशवीतून तिनं चार घड्यांचा कागद काढला, म्हणाली, तुझ्या बहिणीनं मापं दिलीत.

मी एवढ्या जोरात ओरडलो की पुरिंगचं मांजर पळालं. कागद उघडला. तुझंच अक्षर, सरळ, रेघेवर. छाती ८८. कंबर ७२. नितंब ९१.

मी हसलो, ताई. म्हटलं, वा, आता तूही मला बनवतेस. म्हटलं, चला, फिटंफाट. पुरिंगला कागद दाखवला आणि सांगितलं, बघ, माझी बहीण माझ्याच चालीवर गेली.

पुरिंग हसली नाही. तिनं तिया सेनिंगकडे बघितलं. तिया सेनिंग खुर्चीत बसली आणि तिनं माझ्याच टॉवेलनं डोळे पुसले.

“फेब्रुवारीपासून इस्पितळात जातेय ती,” म्हणाली. “पोटात गाठ आहे. तुला सांगू नको म्हणाली होती.”

मी म्हटलं, खोटं. ती म्हणाली, “मीच टेप धरला रे. दंडाला धरायला काही नव्हतं.”

मग मी तुझी तिन्ही पत्रं, म्हणजे माझीच, मनात परत वाचली. पहिल्यात मापं पाठव, दुसऱ्यात झग्याची मापं. तिसऱ्यात तो सूट. आणि तू तिकडे ती वाचत होतीस, आणि दर महिन्याला टेप आत येत होता.

पुरिंगनं कागद टेबलावर ठेवला, वर इस्त्री ठेवली, उडू नये म्हणून. ती माझ्या अंगाकडे बघत होती, शिंपी बघतात तशी. हळूच म्हणाली, ही मापं तर तुझीच आहेत, जॉन्विक.

खरं आहे. मोजून बघितलं. मी, सुका बोंबील, ज्याला तू वारा आला की धरून ठेवायचीस. कागदावरच्या मापानं सूट कापला तर तो मला बसतो, ताई. मला.

पुरिंग म्हणाली, रबर कमी करणं एका दिवसाचं काम आहे, दोन तारखेच्या आत देते. मी कात्री तिच्या हातातून काढून घेतली.

कागदाच्या खाली तू एक ओळ लिहिलीयेस. ती मी आधी बघितलीच नव्हती, इस्त्री काढली तेव्हा दिसली. ‘मान सैल ठेव.’

ठेवलीये. आधीपासून ठेवलीये. दोन बोटं जातात.

जॉन्विक


३ नोव्हेंबर

ताई,

तू येणार नाहीस हे तिया सेनिंगनं तीस तारखेलाच सांगितलं. डॉक्टर बोटीत बसू देत नाहीत. मी तरीही एकतीस आणि एक, दोन्ही दिवस जेटीवर गेलो. टाक्या उतरवायच्या होत्या म्हणून. एकाही बोटीत टाक्या नव्हत्या.

परवा तिया सेनिंगनं तुला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो. तू बोलताना दम घेत होतीस. तिनं विचारलं, तुझ्या मापाचा कपडा जॉन्विकनं घालावा का. मला वाटलं फोन कट झाला. मग तू म्हणालीस, “घालू दे. पण सगळ्यांसमोर.” आणि तू हसलीस. पाच वर्षांनी तुझं हसू ऐकलं, आणि ते खोकल्यात गेलं.

तर काल सगळ्यांसमोर घातला.

तीच जागा, तसलीच प्लॅस्टिकची खुर्ची. तुझा सूट घालून उभा राहिलो तर गुडघ्यापाशी रबराच्या घड्या पडल्या आणि बाह्या हवेत लोंबल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, जॉन्विक, आत आणखी कोण आहे? नोंग बर्तोलनी लांबूनच तोललं आणि ओरडून सांगितलं, बारा शिसं. मग स्वतःच गप्प झाले. मी पाण्यात तरंगून दाखवलं. सात लागली. आतल्या हवेनं मला फुग्यासारखं फिरवलं, सगळा किनारा लोटपोट झाला. मी हसवलं, ताई. माझं कामच ते आहे. पण या वेळी कुणावर हसताहेत ते बरोबर होतं.

म्हाताऱ्यांनी मध्ये अडवलं. तिया सेनिंगनं सगळीकडे सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्यांच्यात वाद झाला. म्हणाले, फ्लोरचं माप आता हे नाही, मग हा तिचा कपडा कसा? मी म्हटलं, “तिचं माप हेच. ते कागदावरचं तिच्या दुखण्याचं आहे.” त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग सगळ्यात म्हाताऱ्यानं काठी बाजूला घेतली.

खाली सूटमध्ये पाणी भरलं. पोहताना माझ्याभोवती कुणीतरी दुसरंही पोहतंय असं वाटत होतं. थंडी वाजायला हवी होती, सैल सूटमध्ये वाजते. फारशी वाजली नाही.

तुझा खिडकीतला ब्रश नेला होता. ‘इसिद्रो’ घासायला अख्खी टाकी संपत आली. पापुद्रा नखानं, ब्रशानं, मग परत नखानं काढला. शेवटी सगळी अक्षरं दिसली, कालच कोरल्यासारखी. मी त्यांच्यावर हात ठेवून थोडा बसलो. बाबांना काय सांगितलं ते आमच्यातलं आहे, पण लाल दोऱ्याचंही सांगितलं.

‘लुमापास’ मी घासलं नाही. म्हाताऱ्यांना सांगितलं, हवा संपली. हवा होती. ते आडनाव अजून वाचता येतं, एक-दोन वर्षं सहज टिकेल. तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय.

संध्याकाळी बाबांची मेणबत्ती लागली. शेजारी एक पुसो, पानात विणून शिजवलेला भात, आणि भाजलेला मासा ठेवला, त्यांना आवडायचा तसा, जरा जास्तच भाजलेला.

सूट गोड्या पाण्यात धुऊन पुरिंगकडे परत टांगलाय. ती अजून विचारते, कमी करू का. रबर एकदा कापलं की परत जोडता येत नाही, जोडलं तरी तिथून पाणी शिरतं. म्हणून नको म्हणून सांगितलंय. पाटीचा पट्टा मात्र मी तुझ्या कागदावरच्या मापाला ओढून ठेवलाय, आणि उरलेला लांब पट्टा कापला नाही, गुंडाळून रबरबँड लावलंय. दर महिन्याला मी थोडा थोडा सोडत जाईन.

तू तिकडे जेव.

जॉन्विक